बंद पडलेला सुगंध

बाजारातून एखादी वस्तू नाहीशी झाली म्हणजे तिचा मृत्युलेख कोणी लिहीत नाही. दुकानदार 'तो माल आता येत नाही' एवढे सांगतो आणि दुसरी वस्तू पुढे करतो. सुगंधी मेणबत्तीचे असेच होते. आमच्या किनाऱ्यावर मेणबत्ती मुळात नवसाची. जुन्या गोव्याच्या ३ डिसेंबरच्या फेस्तात तिचे ढीग लागतात. सुगंधी मेणबत्ती मागाहून आली, पण घराघरांत रुळली. एका घरात दरवर्षी दिवाळीला एकच वास दरवळत असावा, तो लावणारी आई आता हयात नसावी आणि त्याच वर्षी ती मेणबत्ती बंद व्हावी, हे दुःख आम्ही क्षुल्लक मानत नाही. घ्राणेंद्रियाइतकी स्मृतीशी सलगी दुसऱ्या कोणत्याही इंद्रियाची नसते.

मग बंद झालेली मेणबत्ती शोधावी कोठे? स्वदेशीच्या चळवळीने वस्तू हाती घेताच ती कोणी व कोठे केली हे विचारण्याची सवय लावली होती. ती येथे उपयोगी पडते. वेष्टनबंद वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे, आयात मालावर आयातदाराचे, नाव व पत्ता आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. म्हणून रिकामे खोकेही फेकू नये. पहिले पत्र त्या पत्त्यावर जावे: उत्पादन खरोखर थांबले, की केवळ नाव बदलले? त्यानंतर लहान गावांतील जुनी दुकाने धुंडाळावीत. शहरात माल लवकर खपतो. तालुक्याच्या गावी तो फळीवर वर्षानुवर्षे पडून असतो. तिसरा मार्ग घरबसल्या मागवण्याचा. तेथे मात्र दुर्मीळ मालाच्या नावाखाली अव्वाच्या सव्वा भाव सांगितला जातो. छापील कमाल किमतीहून अधिक दराने माल विकणे हा दुकानदाराचा गुन्हा आहे आणि माल बंद झाल्याने तो गुन्हा माफ होत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर त्याची तक्रार करता येते.

परंतु मेणबत्ती सापडली म्हणजे सुगंध सापडलाच असे नव्हे. सुगंधी तेले उडून जाणारी असतात. चंदन किंवा व्हॅनिलासारखे जड वास बरेच टिकतात. लिंबू-संत्र्याच्या जातीचे वास सर्वांत आधी पळतात आणि हवेच्या संपर्काने बिघडतातही. कधी दोष काळाचा नसून घटकांचा असतो. लिलियल नावाच्या सुगंधी रसायनावर युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली, तेव्हा सुगंध तयार करणाऱ्यांना अनेक मिश्रणे नव्याने बांधावी लागली. नाव तेच राहिले, वास बदलला. अशा वेळी जुन्या मालासाठी चौपट पैसे मोजणे म्हणजे केवळ मेण विकत घेणे होय.

संत्र्याच्या वासाची मेणबत्ती शोधणाऱ्याला तर आम्ही निराळीच वाट सुचवू. त्याने नकाशात पांढुर्णा आणि सौसर पाहावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि हे मराठी बोलणारे तालुके मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा काढलेला पांढुर्णा जिल्हा याच दोहोंचा बनला आहे. सीमा बदलल्या, पण माती आणि संत्री नागपूरचीच राहिली. तेथे आंबिया बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो व मृग बहार पावसाच्या आरंभी. त्या दिवसांत बागेतून जाणाऱ्याला सुगंध म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही.

आणि तरीही तेथील शेतकऱ्याला दाम मिळतो तो केवळ फळाचा, तोही फळ मोठे आणि निर्डाग असेल तर. बारीक, डागी फळाला व्यापारी हात लावत नाही. वास्तविक त्याच्या सालीतही तेच तेल असते. साल दाबून ते काढता येते आणि साबण, अत्तर, मेणबत्ती या सर्वांना ते लागते. जगाच्या बाजारात संत्र्याचे तेल म्हणून जे मिळते ते बहुतांशी ब्राझीलसारख्या देशांतील रसाच्या कारखान्यांचे उपउत्पादन असून ते मोसंबीच्या कुळातील फळाचे असते. आपल्या सैल सालीच्या संत्र्याचा वास त्याहून निराळा आणि अधिक गोड आहे.

काम सोपे आहे असे आम्ही म्हणत नाही. रसाच्या उद्योगावाचून केवळ तेलासाठी साल गोळा करणे परवडत नाही. संत्र्याचा वास टिकवण्यासाठी त्यास जड सुगंधाची जोड द्यावी लागते. आणि हंगाम संपला की यंत्र रिकामे राहते. म्हणूनच हे एकट्या शेतकऱ्याचे काम नव्हे. संत्रा उत्पादकांच्या संघटनेतून 'नोगा'चे नाव नागपुरात उभे राहिले, हा धडा फार दूरचा नाही. सहकाराने रस, साल आणि तेल एकत्र हाताळले तर डागी फळालाही भाव येईल.

एखाद्या कंपनीने हिशेब करून सुगंध बंद केला, तर ग्राहकाने हळहळण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. ज्या सुगंधाचे झाड आपल्याच बांधावर उभे आहे, त्याची गोष्ट वेगळी. तो बंद पडला तर दोष कंपनीचा नसेल. बागा परवडत नाहीत म्हणून शेतकऱ्याने कुऱ्हाड हाती घेण्यापूर्वी सरकारने व सहकारी संस्थांनी जागे व्हावे. मेणबत्ती पुन्हा ओतता येते. तोडलेल्या बागेचा बहार मात्र कोणत्याही दुकानात मागवता येत नाही.