हिरवा पडदा

दूरचित्रवाणीवर हवामानाची वार्ता सांगणारी निवेदिका नकाशासमोर उभी असते. कोकणच्या किनाऱ्यावर ती बोट ठेवते, अरबी समुद्रातील ढगांवरून हात फिरवते, आणि तिच्या पाठीशी खरोखरच एक भला मोठा नकाशा टांगलेला असावा, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः पुष्कळदा तेथे एक कोरी हिरवीगार भिंत असते. बाजूला ठेवलेल्या लहानशा पडद्यावर आपलेच जुळवलेले चित्र पाहत ती अंदाजाने हात हलवीत असते. अशा वेळी तिने हिरवा चुडा भरला असेल, तर मोठी गंमत होते. बांगड्यांच्या जागी नकाशा दिसू लागतो, आणि तळहात मनगटापासून तुटून हवेत तरंगत आहे, असा भास होतो!

एका चित्रातील माणूस उचलून दुसऱ्या चित्रात उभा करण्याची ही कल्पना चित्रपटाइतकीच जुनी आहे. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस याने १८९८ साली काळ्या पार्श्वभूमीचा उपयोग करून स्वतःचेच डोके उतरवून मेजावर मांडल्याचे दाखविले. काळ्या वस्तूकडून प्रकाश येत नाही. म्हणून फिल्मचा तेवढा भाग कोराच राहतो, आणि त्यावर दुसरे चित्र घेता येते. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनीही एकाच फिल्मवर पुनःपुन्हा चित्रण करून पौराणिक कथांतील चमत्कार पडद्यावर आणले. परंतु काळ्या पार्श्वभूमीत एक खोट होती. माणसाच्या अंगावरही काळे असतेच. केस, भुवया, गडद सावल्या यांतून मागचे चित्र डोकावू लागे.

तेव्हा असा रंग हवा होता, की जो माणसाच्या अंगात जवळजवळ नसतोच. मनुष्याची कातडी गोरी असो वा सावळी, तिच्यात तांबूस-पिवळसर छटा प्रबळ असते. निळा रंग सर्वांत कमी. म्हणून निळा पडदा आला. १९४० सालच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटात लॅरी बटलर याने रंगीत चित्रणात ही युक्ती वापरली. त्यातील खट्याळ चोराची भूमिका म्हैसूर संस्थानात जन्मलेल्या साबू या मुलाने केली होती. बाटलीतून बाहेर पडलेला प्रचंड राक्षस आणि त्याच्यापुढे टीचभर दिसणारा साबू पाहून प्रेक्षक थक्क झाले. बटलर याच्या या कामगिरीला ऑस्कर पारितोषिकही मिळाले.

तथापि खरी कसोटी राक्षसाची नव्हती. ती केसांची होती. डोक्यावरचा एकेक केस, धूर, काचेचा पेला या वस्तू अर्धवट पारदर्शक असतात. त्यांच्या कडेने निळी रेघ उमटे आणि सारे बिंग फुटे. या कोड्याचे उत्तर पेट्रो व्लाहोस याने शोधले, आणि ते ‘बेन-हर’ (१९५९) या चित्रपटात उपयोगी पडले. निळा रंग कोठे आहे, एवढेच न पाहता तो हिरव्यापेक्षा किती अधिक आहे, हे त्याने मोजले. जेथे आधिक्य पूर्ण, तेथे पडदा. जेथे थोडे, तेथे तेवढ्याच प्रमाणात मागचे चित्र. असे केल्यावर धूरदेखील धुरासारखा दिसू लागला. युक्ती किती साधी, पण ती सुचावी लागते!

मग हिरवा पडदा कशासाठी? याचे कारण आजच्या कॅमेऱ्यात आहे. त्यातील प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंच्या प्रत्येक चौकडीत बहुधा दोन बिंदू हिरव्याचे, एक तांबड्याचा व एक निळ्याचा असतो. हिरवा रंग असा अधिक बारकाईने टिपला जातो. शिवाय तो कमी उजेडात उजळतो. मात्र नटीचे लुगडेच हिरवे असले, की निळा पडदा पुन्हा बाहेर काढावा लागतो.

पडदा टांगला म्हणजे काम झाले, असे नव्हे. त्यावर सुरकुती नको, सावली नको, सर्वत्र उजेड सारखा हवा. म्हणून पडद्याचे दिवे व माणसाचे दिवे निराळे ठेवतात. माणूस पडद्यापासून दोन-तीन मीटर पुढे उभा राहिला नाही, तर पडद्याचा हिरवा उजेड परतून त्याच्या गालांवर व खांद्यांवर पडतो. पुढे संगणक ही झाक कमी करतो. पण मुळातच ती न पडू देणे शहाणपणाचे.

याहून अवघड म्हणजे दोन चित्रांचा मेळ. मागच्या चित्रात सूर्य डावीकडे असेल, तर नटाचा त्याच बाजूचा गाल उजळला पाहिजे, आणि सावली उजवीकडे पडली पाहिजे. दोन्ही चित्रे घेताना कॅमेऱ्याची उंचीही सारखीच हवी. ही जुळवाजुळव आता साध्या मोबाइलवरही करता येते. त्यामुळे जेथे कधी पाऊलही टाकले नाही, तेथे एखादा मनुष्य उभा असल्याचे चित्र सहज फिरू लागते. अशा चित्रात प्रथम पायांकडे पाहावे. चेहरा पुष्कळदा बेमालूम बसतो. पायांखालची सावली मात्र चुकते.

नटाची स्थिती मोठी विलक्षण असते. समोर ना समुद्र, ना राक्षस. एका काठीच्या टोकाला चेंडू बांधून कोणीतरी उंच धरलेला असतो. तोच राक्षसाचा डोळा समजून त्याला थरथर कापायचे असते, आणि काठी धरणारा माणूस बहुधा जांभई देत असतो.