मेक्सिकोला निघालात? आधी समुद्र निवडा, मग रिसॉर्ट!

अप्रेझल झालंय, बोनस खात्यात पडलाय आणि वर्षभर जपून ठेवलेल्या पीएल एकदाच्या उडवायच्या आहेत. गोवा झालं, थायलंड झालं, बालीचे फोटो तर अख्ख्या ऑफिसने पाहून झाले. मग यंदा काहीतरी हटके? पांढरीशुभ्र वाळू, निळंशार पाणी, दोन झाडांच्या मध्ये टांगलेली झोळी आणि हातात थंडगार मार्गारिटा. येस, मेक्सिको!

ऑनसाइटवर अमेरिकेत असलेल्या मंडळींसाठी तर हा समुद्र हाकेच्या अंतरावर. लाँग विकएंडला चार सुट्ट्या जोडल्या की झालं. मुंबई-पुण्यातून मात्र थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेत विमान बदलत जाण्या-येण्यातच तीनेक दिवस जातात. म्हणजे इतक्या लांब जाऊन चुकीच्या जागी उतरणं परवडणारं नाही. एका रात्रीला हजार डॉलर घेणारं रिसॉर्ट असेल तर अजिबातच नाही.

आपण बुकिंग कसं करतो? साइट उघडली, पाच स्टारचा फिल्टर लावला, इन्फिनिटी पूल पाहिला, रिव्ह्यू वाचले, कार्ड काढलं. सगळं विचारलं, फक्त एकच विचारायचं राहिलं : रिसॉर्टसमोरचा समुद्र कसा आहे? त्यात उतरता येतं का?

हसू नका. मेक्सिकोत हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. हॉटेलवाला गादी बदलून देईल, खोली बदलून देईल, समोरचा समुद्र काही बदलून देणार नाही.

देश एक, समुद्र वेगवेगळे

मेक्सिको महाराष्ट्राच्या सहापटीहून मोठा आहे. पूर्वेला कॅरिबियन, पश्चिमेला अफाट पॅसिफिक. ‘मेक्सिकोचा बीच’ असं एक काही नसतंच. सकाळी कॅनकून आणि संध्याकाळी लॉस काबोस हा बेत म्हणजे नकाशा न बघता केलेली बडबड. मधे अख्खा देश आहे आणि घड्याळातही दोन तासांचा फरक आहे. सुट्टी आठवड्याची असेल तर एकच किनारा पकडा.

कॅनकून : साताच्या आकड्याचा फंडा

२००३ साली जागतिक व्यापार संघटनेची परिषद झाली तेव्हा आपल्याकडच्या पेपरांत कॅनकूनचं नाव रोज छापून येत होतं. हे शहर मुळात सरकारने ठरवून वसवलेलं. १९७० च्या सुमारास काम सुरू झालं, १९७४ मध्ये पहिली हॉटेलं उघडली. इथला हॉटेलांचा पट्टा इंग्रजी सात आकड्यासारखा आहे. खरी गंमत या आकारातच आहे.

साताची वरची आडवी रेघ उत्तरेला तोंड करून आहे. समोर इस्ला मुहेरेस हे बेट आडवं असल्याने इथलं पाणी शांत. पोहायला कच्चे असाल, बरोबर लहान मुलं किंवा आई-बाबा असतील तर हीच बाजू. साताची लांब उभी रेघ थेट खुल्या समुद्रासमोर आहे. पाण्याचा रंग फोटोतल्यापेक्षाही भारी, पण लाटा मोठ्या आणि आत खेचणारे प्रवाहही. दोन्हीकडच्या हॉटेलांच्या पत्त्यात ‘कॅनकून’च लिहिलेलं असतं. नकाशा उघडा आणि तुमचं हॉटेल कोणत्या रेघेवर आहे ते बघा. दोन मिनिटांचं काम!

शहराच्या उत्तरेला प्लाया मुहेरेस नावाचा नवा पट्टा आहे. तिथेही बेटाचा आडोसा मिळतो, गर्दी कमी आणि रिसॉर्ट मोठी. फक्त रात्री क्लबिंग करायचं असेल तर टॅक्सीचा खर्च धरून चला.

रिव्हिएरा माया आणि टुलूम : शेवाळाची गोष्ट

कॅनकूनच्या दक्षिणेला प्लाया देल कार्मेन, मग टुलूम. या पट्ट्यातली रिसॉर्ट म्हणजे लक्झरीची कमाल. प्लाया देल कार्मेनजवळच्या मायाकोबात तर कांदळवनातून बोटीने फिरवतात. मस्तच! पण तिथल्या बऱ्याचशा खोल्या समुद्रावर नाहीत, आतल्या पाण्यावर आहेत. समुद्राची गाज ऐकत झोपायचं असेल तर खोली कुठे आहे ते आधी विचारा.

आणि इथला मोठा प्रश्न म्हणजे सार्गासम. हे समुद्रावर तरंगणारं तपकिरी शेवाळ. २०११ पासून अटलांटिकमध्ये त्याचे प्रचंड पट्टे तयार होऊ लागले आणि वारा-प्रवाहाबरोबर ते कॅरिबियनच्या किनाऱ्यांना लागतात. २०१८ साल या किनाऱ्यासाठी वाईट गेलं, तर २०२५ मध्ये अटलांटिकमधल्या शेवाळाने आधीचे विक्रम मोडले. साधारण एप्रिल ते ऑगस्ट हा त्याचा जोर. किनाऱ्यावर कुजायला लागलं की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. निळ्या पाण्याचा फोटो काढायला गेलात आणि समोर चहाच्या गाळासारखं पाणी, असं होऊ शकतं.

रिसॉर्टवाले समुद्रात तरंगते अडथळे लावतात, पहाटे माणसं लावून वाळू साफ करतात. पण रोज येणाऱ्या शेवाळापुढे सगळ्यांचंच चालतं असं नाही. या महिन्यांत जायचंच असेल तर इस्ला मुहेरेसचा उत्तर किनारा किंवा कोझुमेल बेटाची पश्चिम बाजू बघा. त्यांचं तोंड दुसरीकडे असल्याने तिथे शेवाळ सहसा कमी लागतं.

टुलूमबद्दल आणखी एक. झावळ्यांचं छप्पर, मेणबत्त्या, अनवाणी लक्झरी वगैरे दिसायला फारच रोमँटिक. पण किनाऱ्यावरची बरीच हॉटेलं वर्षानुवर्षं जनरेटरवर चालत आली आहेत. एसी रात्रभर चालतो का, हे मेल करून विचारा. यात लाजायचं काही नाही.

लॉस काबोस : बघायचा समुद्र

बाहा कॅलिफोर्नियाच्या टोकाला वाळवंट सरळ समुद्रात उतरतं. एका बाजूला माणसाहून उंच निवडुंग, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक. हॉलिवूडची मंडळी इथे येतात ती उगाच नाही. देशातली काही सगळ्यात महागडी रिसॉर्ट याच किनाऱ्यावर आहेत.

पण नीट वाचा : इथल्या बहुतेक किनाऱ्यांवर पोहता येत नाही. किनारा एकदम खोल जातो, लाट थेट वाळूवर आपटते आणि परतताना माणसाला ओढून नेते. गुडघाभर पाण्यात उभं राहून सेल्फी काढणाराही वाहून जाऊ शकतो. बीचवर झेंडे असतात. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे धोका, काळा म्हणजे पाण्यात पाऊलही नको. ‘अरे, काही होत नाही रे’ म्हणणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. या समुद्रापुढे त्याचं ऐकू नका. चुकून प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ हात मारत बसू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढ संपली की वळा.

मग काबोस बादच करायचं का? मुळीच नाही. मेदानो, सांता मारिया, चिलेनो हे किनारे पोहण्यासाठी ओळखले जातात. १९५६ मध्ये सुरू झालेल्या पाल्मिया या जुन्या नामवंत रिसॉर्टलाही पोहता येणारी खाडी लाभली आहे. झेंडा मात्र तिथेही बघायचाच. शिवाय डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत इथे देवमासे दिसतात. पूल, स्पा, देवमासे आणि सूर्यास्त एवढं पुरेसं असेल तर काबोससारखी जागा नाही. फक्त जानेवारी-मार्चमध्ये पाणी गार असतं, तेवढं लक्षात ठेवा.

वायार्ता : मधला मार्ग

पुएर्तो वायार्ता हे बांदेरास उपसागरावरचं खरंखुरं गाव. दगडी रस्ते, चर्च, बाजार, मागे हिरवे डोंगर. १९६४ च्या ‘द नाइट ऑफ द इग्वाना’ या सिनेमाचं शूटिंग इथे झालं, रिचर्ड बर्टनबरोबर एलिझाबेथ टेलरही येऊन राहिली आणि गाव जगाच्या नकाशावर आलं. उपसागरामुळे पाणी खुल्या पॅसिफिकपेक्षा बरंच शांत. उत्तरेच्या टोकाला पुंता मिता आहे, तिथे लक्झरी रिसॉर्ट. पाणी कॅरिबियनसारखं निळं-हिरवं नसतं, हे आधीच सांगून ठेवते. पण रिसॉर्टबाहेर पडून रस्त्यावरचा टाको खायचा असेल तर वायार्ताला तोड नाही.

कधी जायचं?

डिसेंबर ते एप्रिल हवा मस्त, दर चढे. ख्रिसमस, अमेरिकन कॉलेजांची मार्चमधली सुट्टी आणि ईस्टरचा आठवडा टाळा. वादळांचा मोसम कॅरिबियनकडे १ जूनपासून, पॅसिफिककडे १५ मेपासून, आणि दोन्हीकडे ३० नोव्हेंबरपर्यंत. ऑगस्ट ते ऑक्टोबर सगळ्यात बेभरवशाचे. ही कागदावरची भीती नाही. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये विल्मा वादळ कॅनकूनच्या परिसरात ठाण मांडून बसलं, किनाऱ्याची वाळूच वाहून गेली आणि नंतर समुद्रातून वाळू उपसून बीच पुन्हा भरावा लागला. २०१४ मध्ये ओडिलने काबोसला झोडपलं, तर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ओटिसने अकापुल्को उद्ध्वस्त केलं. ऑफ सीझनची भरघोस सूट घेत असाल तर वादळ आल्यावर पैसे परत मिळणार का, हे लेखी घ्या. ट्रॅव्हल इन्शुरन्सही हवाच.

ऑल इन्क्लुझिव्ह की नुसती खोली?

ऑल इन्क्लुझिव्ह म्हणजे खाणं-पिणं सगळं भाड्यातच. दिवसभर आवारातच लोळायचं असेल तर पैसे वसूल. पण रोज बाहेर हिंडणार असाल, दारू घेत नसाल किंवा शाकाहारी असाल तर दुसऱ्याच्या कॉकटेलचे पैसे तुम्ही भरताय! तिथे फक्त खोली किंवा खोली-नाश्ता बरा. दर बघताना १६ टक्के व्हॅट, स्थानिक कर आणि सर्व्हिस चार्ज धरलाय ना, ते बघा.

शाकाहारींनो, राजमा दिसला म्हणून ताट भरू नका. तिथल्या बीन्समध्ये बरेचदा डुकराची चरबी असते आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. ‘सिन कार्ने, सिन मान्तेका’, म्हणजे मांस नको, चरबी नको, एवढं स्पॅनिश पाठ करा. मक्याच्या तोर्तियावर मात्र भाकरीवाल्या माणसाने निर्धास्त ताव मारावा.

बुकिंगआधी हे विचाराच

* बीच पोहण्याजोगा आहे का? वर्षातले किती दिवस लाल झेंडा असतो?
* शेवाळासाठी काय व्यवस्था आहे? गेल्या आठवड्यातला फोटो पाठवाल का?
* खोली ‘ओशन फ्रंट’ आहे की ‘पार्शल ओशन व्ह्यू’? पार्शल म्हणजे बाल्कनीतून मान वाकडी करून दिसणारा समुद्र!
* शेजारी बांधकाम चालू आहे का?
* एअरपोर्टवरून न्यायला कोण येणार? टर्मिनलमध्ये ‘फ्री टॅक्सी’, ‘फ्री ब्रेकफास्ट’ देणारे गोड लोक बहुधा टाइमशेअर विकणारे असतात. हसून पुढे चालायला लागा.

कागदपत्रं आणि पैसे

पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर भारतीयांना पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. ‘चालू’ हा शब्द महत्त्वाचा. एच-वन-बी वाल्यांनो, मुदतवाढीचा कागद हातात आहे पण पासपोर्टवरचा शिक्का संपलाय, तर या सवलतीचा उपयोग नाही. परत अमेरिकेत शिरण्याचे नियम आणखी वेगळे. तेव्हा तिकीट काढण्याआधी कंपनीच्या इमिग्रेशनवाल्यांशी बोला.

आणि मेन्यूवर ‘डॉलर’चं चिन्ह पाहून दचकू नका. पेसोचंही चिन्ह तेच आहे. कार्ड देताना बिल पेसोतच करायला सांगा.

शेवटचं, पण पैसे वाचवणारं

मेक्सिकोत समुद्रकिनारा कायद्याने सगळ्यांचा आहे. किनाऱ्यावर जायची वाट अडवणाऱ्यांना दंड करण्याची तरतूद २०२० मध्ये झाली. म्हणजे हजार डॉलरच्या रिसॉर्टसमोरच्या वाळूवर गावातल्या साध्या हॉटेलात उतरलेला माणूसही हक्काने टॉवेल पसरू शकतो. सहा रात्रींचं बजेट नसेल तर दोन रात्री रिसॉर्टमध्ये राजासारखे राहा आणि उरलेल्या चार गावात. योग्य किनारा निवडला असेल तर सहाही दिवस समुद्र तोच मिळेल. रिसॉर्टवाला पैसे घेतो ते गादीचे, समुद्र फुकट आहे!