५०० वरून ५ वर : नाहूरच्या टॅलीवाल्याचं वाढलेलं काम

५००, १००, ५०, २०, १०, ५. हे आकडे कोटींतले. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस कोणाला सक्तीचं, ती मर्यादा अशी उतरत आली. १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवरच्या उलाढालीपासून सुरुवात झाली, १ ऑगस्ट २०२३ ला गाडी ५ कोटींवर आली. अवघे ३४ महिने. पहिल्या तडाख्यात बड्या कंपन्या होत्या. शेवटच्यात मुंबईतल्या नाहूर-भांडुपचे गाळेवाले सापडले.

बड्यांकडे सॅपसारखं सॉफ्टवेअर आणि ते बसवणाऱ्या सल्लागारांची फौज. गाळेवाल्याकडे टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि ते बसवून देणारा एक ‘टॅलीवाला’. पूर्वी त्याचं काम सरळ होतं : लायसन्स विकायचं, इन्स्टॉल करायचं, मार्चअखेरीला फेरी मारायची. आता शेठ म्हणतात, “यंदा चारच कोटी झाले, आपल्याला कशाला ते?” टॅलीवाला विचारतो, “१८-१९ ला साडेपाच होते ना?” नियम २०१७-१८ पासूनच्या कुठल्याही एका वर्षाची उलाढाल धरतो. एकदा ५ कोटी ओलांडले की सुटका नाही. मग दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या प्रत्येक बिलावर ६४ अक्षरांचा आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड हवाच. १० कोटी किंवा त्यावर उलाढाल असेल, तर १ एप्रिल २०२५ पासून बिल ३० दिवसांत ई-इन्व्हॉइसच्या पोर्टलवर चढवावं लागतं. उशीर झाला की पोर्टल ते घेतच नाही.

खरी गंमत १ एप्रिल २०२३ च्या नियमात आहे. कंपनी म्हणून नोंदलेल्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे, आणि ती बंद करता येता कामा नये. मालकीच्या किंवा भागीदारीच्या पेढीला हा नियम नाही. प्रायव्हेट लिमिटेडला आहे. “मागचं बिल जरा बदलून दे” हे वाक्य टॅलीवाल्याने वर्षानुवर्षं ऐकलं. आता तो म्हणतो, “बदलतो शेठ, पण कोणी, कधी बदललं ते राहणार.” जो माणूस शेठच्या सांगण्याप्रमाणे करायचा, तोच ‘पण’ म्हणू लागला, हा बदल मला सॉफ्टवेअरपेक्षा मोठा वाटतो.

जीएसटीचे नवे दर ३ सप्टेंबर २०२५ ला ठरले, २२ तारखेला, घटस्थापनेला लागू झाले. मधल्या १९ दिवसांत पितृपंधरवडा; एरवी धंदा थंड. पण १२ आणि २८ टक्क्यांतला बहुतेक माल ५, १८ किंवा ४० मध्ये हलवायचा, म्हणजे टॅलीवाल्याने एकेका आयटमचा मास्टर उघडायचा, एचएसएन कोड तपासायचा. शंभर आयटम असले तरी डोळे फुटतात.

याच मुंबईत १९६८ साली सुरू झालेल्या टीसीएस या सॉफ्टवेअर कंपनीकडे मार्च २०२५ अखेर ६,०७,९७९ माणसं होती; जुलैत त्यांतली सुमारे २ टक्के कमी करायचं जाहीर झालं. माणसं मोजून बिल लावायच्या धंद्याला तिथे धक्के बसताहेत. टॅलीवाल्याकडे मोजायला माणसंच नाहीत. जीएसटीआर-१ विवरणपत्राची ११ तारीख आणि ३बी ची २० आली की फोन खणखणतो, तो एनीडेस्कवरून शेठच्या संगणकात शिरून चूक काढतो. वर्षाचं देखभालीचं कंत्राट (एएमसी) ठरवताना मात्र शेठ अजून म्हणतात, “अरे, यंदा तू आलास तरी किती वेळा?”