युद्धकाळातले मथळे : फसलेले आणि फसवलेले

१. घाईचा मथळा. ७ नोव्हेंबर १९१८ रोजी युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पहिल्या महायुद्धाची युद्धबंदी झाल्याचे जाहीर केले. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर जल्लोष झाला. प्रत्यक्ष युद्धबंदी ११ नोव्हेंबरला.

२. जिवंतपणी मृत्युवार्ता. मार्च १९४२. सुभाषचंद्र बोस विमान अपघातात गेल्याची बातमी छापून आली. गांधीजींनी त्यांच्या मातोश्रींना सांत्वनाची तारही पाठवली. खंडन खुद्द बोस यांनी बर्लिनहून रेडिओवर केले.

३. सजवलेली माघार. फेब्रुवारी १९४३ मध्ये जपानी सैन्याने ग्वाडलकनाल बेट सोडले. जपानी लष्करी पत्रकात त्याला ‘दिशा बदलून आगेकूच’ म्हटले गेले. जर्मन पत्रकांत माघार ‘योजनेनुसार’ होई.

४. अफवा आणि बातमी. अफवेला उगम नसतो. चुकीच्या बातमीला वृत्तसंस्था, तारीख आणि बहुधा खुलासा असतो.

५. युद्धाच्या बातम्यांशी नाशिक रोडचा संबंध.
- तिथले सरकारी प्रतिभूती मुद्रणालय १९२५ मध्ये सुरू; नोटांची छपाई १९२८ पासून.
- जून १९४० मध्ये फ्रान्स पडल्याच्या बातम्या येताच लोक नोटा देऊन चांदीचे रुपये साठवू लागले.
- ऑगस्ट १९४० : एक रुपयाची नोट पुन्हा चलनात. मार्च १९४३ : दोन रुपयांची नोट.