दिव्याचा हिशेब

पेढीवर आपण पै-पैचा हिशेब ठेवतो. घरातील दिव्यांचा मात्र राहून जातो. 60 वॅटचा जुना बल्ब रोज 5 तास लावला, तर 30 दिवसांत 9 युनिट वीज लागते. जवळपास तेवढाच उजेड देणाऱ्या 9 वॅटच्या एलईडी दिव्याला दीड युनिटही लागत नाही. जुन्या बल्बची बहुतांश वीज उष्णतेतच वाया जाते. तेव्हा ‘अजून चालतो आहे’ म्हणून तो ठेवणे ही काटकसर नव्हे. अधिक वेळ लागणारे दिवे आधी बदलावेत. दिवा पिवळसर प्रकाशाचा घ्यावा. निळसर पांढऱ्या उजेडाकडे कीटक अधिक ओढले जातात, हे चातुर्मासात विशेष ध्यानी ठेवावे. मात्र वीज कमी लागते म्हणून रिकाम्या खोलीत दिवा लावून ठेवला, तर हाती आलेली बचत पुन्हा खर्ची पडते.