समदुःखितांची बैठक

मनोविकारावर उपचार घेऊन इस्पितळातून घरी परतलेल्या माणसाच्या हाती औषधांची चिठ्ठी असते, पुढच्या तपासणीची तारीख असते, आणि घरची मंडळी समजूतदार असली तर त्यांचा आधारही असतो. परंतु ‘इतके दिवस दिसला नाहीत?’ या शेजाऱ्याच्या साध्या प्रश्नाला काय उत्तर द्यावे, नोकरीच्या अर्जात मधली दोन वर्षे कशी दाखवावीत, आणि एखादे रात्री झोप लागली नाही तर तो आजार उलटण्याचा आरंभ समजावा की साधे जागरण, याविषयी त्याला कोणी काही सांगितलेले नसते. वैद्यकशास्त्राचा अंमल जेथे संपतो तेथे हा मुलूख सुरू होतो, आणि त्यातील वाटा पूर्वी तेथून चालून गेलेल्यांनाच ठाऊक असतात. स्वमदत गटांची उभारणी याच अनुभवावर झालेली आहे.

या विचाराला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत डॉ. अब्राहम लो यांचे स्थान फार वरचे आहे. व्हिएन्ना येथे वैद्यकीचे शिक्षण घेतलेले हे मनोविकारतज्ज्ञ शिकागोमध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या मनोविकार संस्थेत काम करीत होते. बरे होऊन घरी गेलेले रुग्ण पुनःपुन्हा आजारी होऊन परत येऊ नयेत, या तळमळीने त्यांनी 1937 साली आपल्या जुन्या रुग्णांना एकत्र करून ‘रिकव्हरी’ ही संघटना स्थापन केली आणि 1952 साली बैठकी चालविण्याचा अधिकार प्रशिक्षित माजी रुग्णांच्याच हवाली केला. मनोरुग्णाला स्वतःच्या मिळकतीचा व्यवहारही कळत नाही असे सर्रास गृहीत धरले जाण्याच्या त्या काळात एका डॉक्टराने बैठकीचे सूत्रचालन त्याच्यावर सोपवावे, ही गोष्ट मला त्यांच्या ग्रंथांहूनही मोठी वाटते.

या बैठकीची रीत मोठ्या बारकाईने आखलेली आहे. बोलणाऱ्याने आयुष्याची सारी कैफियत मांडायची नसते. अलीकडे घडलेला एखादा क्षुल्लक प्रसंगच निवडायचा असतो. समजा, एखादी बाई सांगते की दुकानात रांगेत उभी असताना तिच्या छातीत धडधडू लागले, हातातली नोट घामाने ओली झाली, आणि आपण आता येथेच कोसळणार असे वाटून पळून जाण्याची अनावर इच्छा झाली. मग त्या क्षणी गटात शिकलेले काय आठवले ते ती सांगते, म्हणजे ही धडधड क्लेशदायक असली तरी धोक्याची नव्हे, आणि मन ऐकत नसले तरी पायांना जागेवर उभे राहण्याचा हुकूम आपल्याला देता येतो. आणि शेवटी, पूर्वी असेच घडले असते तर आपण सामान तेथेच टाकून घर गाठले असते आणि पुढे कित्येक दिवस उंबरठा ओलांडला नसता, हेही सांगते. एवढे झाल्यावर तिने स्वतःला शाबासकी द्यायची असते, आणि ती यशाबद्दल नसून प्रयत्नाबद्दल असते. ऐकणाऱ्यांना तिच्या कथनात काय दिसले ते ते सांगतात. मात्र तिच्या रोगाचे निदान करण्याची वा औषधात फेरफार सुचविण्याची मुभा कोणालाही नसते. सामान घेऊन घरी परत येणे यात घरच्यांना काहीच विशेष वाटत नाही. त्याची किंमत, ज्याने कधी ती रांग सोडली आहे, त्यालाच कळते.

फ्रँक रीसमन या अमेरिकन अभ्यासकाने 1965 साली असा विचार मांडला की अशा साहाय्यात घेणाऱ्याइतकाच, किंबहुना कित्येकदा त्याहून अधिक, लाभ देणाऱ्याला होतो. दीर्घ आजारात माणूस सदैव घेणाराच असतो. औषध दुसऱ्याने द्यावे, निर्णय दुसऱ्याने घ्यावा, खर्चही दुसऱ्यानेच सोसावा. अशा माणसाला एखाद्या नवख्याजवळ बसून ‘माझेही असेच झाले होते’ एवढे म्हणता आले, म्हणजे भोगलेल्या वर्षांचा प्रथमच कोणाला तरी उपयोग होतो.

पुण्यात 1997 साली स्थापन झालेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था याच वाटेवरची. तिचे संस्थापक डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक होते, आणि पत्नीच्या आजारामुळे या दुःखाची त्यांना घरातूनच ओळख होती. येथे रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी वाहणाऱ्या आप्ताला शुभंकर म्हणतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 2004 सालच्या ‘देवराई’ चित्रपटात आजारी भावाला सांभाळणाऱ्या बहिणीची जी ओढाताण दिसते, ती शुभंकरांच्या कोणत्याही बैठकीत ऐकू यावी अशीच आहे. मुलगा औषध घेत नाही म्हणून आमटीत गोळी कालवणारी आई ही गोष्ट डॉक्टरांपाशी बोलत नाही, नातेवाइकांपाशी तर नाहीच. परंतु गटात तिच्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईने तेच केलेले असते, आणि मुलाला ते कळल्यावर त्याने घरचे जेवणच कसे टाकले, हे ती दोषारोप न करता सांगू शकते. तज्ज्ञाने हाच उपदेश केला असता तर पहिली आई कदाचित ओशाळून गप्प बसली असती.

गट हा उपचारांचा पर्याय नव्हे, हे निक्षून सांगितले पाहिजे. आजवरच्या अभ्यासांतही गटांचा परिणाम लक्षणांपेक्षा आशा आणि आत्मविश्वास यांवर अधिक स्पष्ट दिसतो. जीव द्यावा असे विचार मनात येऊ लागले तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे, अथवा टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. ज्या गटात एकच व्यक्ती सर्व वेळ बोलते, एखादा रामबाण उपाय विकला जातो, औषधे सोडण्यास उत्तेजन मिळते, किंवा एकाची गोष्ट दुसऱ्या दिवशी गावभर होते, तेथून निःसंकोच उठून यावे. चांगल्या गटात नव्या माणसावर बोलण्याची सक्ती नसते. पहिल्या काही बैठकी त्याने नुसत्या ऐकल्या तरी चालते.