ही गांधीलमाशी नव्हे!

कोथिंबीर फुलोऱ्यावर आली की पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक माशी तिच्यावर हवेत जागच्या जागी तरंगताना दिसते. घाबरू नका, हिला नांगीच नाही! गांधीलमाशीचं हे नुसतं सोंग. ही हॉवरफ्लाय, सिर्फिडी कुळातली. जगात हिच्या ६,०००हून अधिक जाती आहेत.

पंख मोजा: दोनच (मधमाशीला चार). मिशा आखूड, डोळे भलेमोठे. ते डोक्यावर एकमेकांना भिडले असतील तर बहुधा नर. पोटाच्या नारिंगी खंडांवर एक जाड आणि एक बारीक अशी काळ्या पट्ट्यांची जोडी दिसली, तर ती एपिसिर्फस बाल्टिएटस. हिच्या अळ्या मावा फस्त करतात, म्हणून माझी विशेष लाडकी!

फोटो पाठीवरून घ्याच, पण पंखाचाही स्पष्ट हवा. काही जाती शिरा पाहिल्याशिवाय ओळखताच येत नाहीत.